चोरखिसा

२०२५ च्या जूनमध्ये माझी मुलगी आठवीत गेली आणि आमच्या घरात पैशावरून एक नवीनच वाद सुरू झाला. पैसे पुरत नाहीत म्हणून होणारे वाद वेगळे. ते सगळ्यांच्याच घरी होतात, आमच्याही होतात. हा वाद मुलीच्या हाती पैसे कसे आणि किती द्यायचे, याचा होता.

सातवीपर्यंत ती महापालिकेच्या उर्दू शाळेत शिकली. शाळा आमच्या गल्लीच्या टोकाला. मधल्या सुट्टीत घरी येऊन पाणी पिऊन परत जायची. पैसे लागत ते कधी पाच, कधी दहा, तेही फाटकाजवळच्या म्हातारीकडून बोरे-चिंचा घ्यायला. आठवीला मात्र शहरातल्या मुलींच्या हायस्कूलमध्ये नाव घातले. आम्ही सोलापुरात नई जिंदगी भागात राहतो. तिथून सात रस्त्यापर्यंत एक शेअर रिक्षा आणि पुढे दुसरी. एका बाजूचे पंचवीस रुपये. घरी यायला संध्याकाळचे सहा वाजतात. मी स्वतः एका उर्दू हायस्कूलमध्ये गणित शिकवते, पण माझी शाळा सकाळची आणि बरोबर उलट्या दिशेला. म्हणजे तेरा वर्षांची मुलगी दिवसभर आमच्या नजरेआड, आणि तिच्याजवळ पैसे असणे आता चैनीची गोष्ट राहिली नव्हती. पैसे नसतील तर ती घरीच येऊ शकणार नव्हती.

तिचे अब्बा टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांचे म्हणणे सरळ होते. जुना मोबाईल पडून आहे, तो तिला द्यावा. रिक्षावाल्यांकडेसुद्धा आता क्यूआर कोड असतो. २०२४ मध्ये निघालेल्या यूपीआय सर्कलची माहितीही त्यांनी काढून ठेवली होती. खाते आपले, पण घरातल्या दुसऱ्या माणसाला त्यातून ठराविक मर्यादेत पैसे देता येतात आणि हवे तर प्रत्येक वेळी आपली मंजुरी घ्यावी लागते. "म्हणजे तिने भेळ खाल्ली तरी माझ्या मोबाईलवर कळेल," असे ते मोठ्या खुशीत म्हणाले. मला नेमके तेच खटकले. शिवाय शाळेत मोबाईल चालत नाही, आणि माझ्या वर्गातल्या एका मुलाने बापाचा पिन पाठ करून मोबाईलवरच्या खेळात चार दिवसांत अठराशे रुपये घालवलेले मी पाहिले होते. बापाला पत्ता लागला तो महिनाअखेरीला.

अम्मी, म्हणजे माझी आई, आमच्याजवळच राहते. तिचा निकाल ठरलेला. "रोज का रोज दे. जास्ती नक्को दे. हात में रहे तो उडताच." एवढे बोलून ती थांबली नाही. तिने नातीच्या दोन्ही कमीजना आतल्या शिवणीला धरून दोन बोटे रुंदीचा चोरखिसा शिवून टाकला.

अम्मीला पैसे लपवण्याची कला कुणी शिकवावी लागत नाही. तिने आयुष्यभर बिड्या वळल्या. पाने आणि तंबाखू घरी आणायचा, हजार बिड्या वळायच्या, कारखान्यात मोजून द्यायच्या, खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे कापून घेतले की उरलेला हप्ता हातात. तो हप्ता ती तीन ठिकाणी ठेवायची: ओढणीच्या गाठीत, तांदळाच्या डब्यात आणि भिशीत. अब्बांना फक्त तांदळाचा डबा माहीत होता. माझी बी.एड.ची फी तिच्या भिशीच्या दोन उचलींतून भरली गेली. २०१६ च्या नोटबंदीनंतर तिची मजुरी बँकेत जमा होऊ लागली, एटीएम कार्ड आले आणि त्या कार्डाच्या पाकिटावर तिने शेजारच्या पोराकडून पिन नंबर लिहून घेतला. चार वर्षे मला हे ठाऊक नव्हते. ओढणीची गाठ जन्मभर कुणाला दिसू न देणारी बाई, आणि पिन नंबर पाकिटावर! तिला विचारले तर म्हणाली, "वो लडका अच्छा है." लडका खरोखरच अच्छा होता, हे नशीब.

मी स्वतः आठवीत गेले ते २००० साली. अम्मी रुमालाच्या कोपऱ्यात चार रुपये बांधून द्यायची. दोन जायचे, दोन यायचे. एक दिवस गाठ सुटली आणि परतीचे दोन रुपये कुठेतरी पडले. मार्च महिना, सोलापूरचे ऊन. मी चालत घरी आले आणि सांगितले की बाईंनी जादा तास घेतला. अम्मीने माझ्या पायांकडे पाहिले. पांढरी धूळ पार घोट्याच्या वर चढलेली. ती बिड्यांच्या सुपावरून उठलीही नाही. "गया तो गया बोल को आ. मारती नै मैं," एवढेच म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी रुमालाला दोन गाठी मारल्या.

ही हकीकत मी कितीदा तरी सांगितली आहे, स्टाफरूममध्ये, पालकसभेतसुद्धा. पण जेव्हा ती खरोखर आठवायला हवी होती तेव्हा आठवली नाही.

२०१७ सालची गोष्ट. नववीचा वर्ग माझ्याकडे होता. सहलीचे पैसे जमा करायचा शेवटचा दिवस. एका मुलीचे अडीचशे रुपये दप्तरातून गेले म्हणून ती रडू लागली. मी दार लावले आणि सगळ्यांची दप्तरे बाकावर उपडी करायला लावली. बी.एड.च्या मानसशास्त्राच्या पेपरात किशोरवयीन मुलांच्या स्वाभिमानावर मी दोन पाने लिहिली होती, आणि गुणही चांगले पडले होते. त्या दिवशी मी दप्तरे तपासत निघाले. मागच्या बाकावरच्या एका मुलाच्या कंपासपेटीत, पत्र्याखाली घडी घालून ठेवलेले तीनशे सत्तर रुपये सापडले. दहाच्या, वीसच्या नोटा. घरची परिस्थिती मला माहीत होती. त्याने सहलीचे पैसेही भरले नव्हते. "कुठून आणलेस?" मी विचारले. तो गप्प. पुन्हा विचारले. गप्प. मी त्याला ऑफिसात नेले. तिथेही तोंड उघडेना, तेव्हा त्याच्या वडिलांना बोलावले. वडील आले, त्यांनी मुलाच्या एक ठेवून दिली, आणि 'घरातूनच चोरले असतील' असे म्हणून ते पैसे खिशात घालून निघून गेले.

तिसऱ्या दिवशी त्या मुलीच्या आईचा निरोप आला. अडीचशे रुपये धुवायला टाकलेल्या दुसऱ्या कमीजमध्ये होते.

पुढे त्याच्या शेजारच्या मुलाकडून कळले. तो रविवारी बाजारात एका कपडेवाल्याकडे गाठोडी उचलायला जायचा. दहावीच्या फॉर्मचे पैसे जमवत होता. घरी ठेवले तर वडील घेत, म्हणून कंपासपेटीत ठेवत होता. म्हणजे ज्याच्यापासून त्याने पैसे लपवले होते, त्याच्याच हातात ते मी बोलावून दिले. वर्गात मी जाहीर केले की पैसे मिळाले आहेत. त्याच्याकडे पाहून वेगळे काही बोलले नाही. काय बोलायचे ते मला सुचले नाही, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. खरे म्हणजे पस्तीस मुलांसमोर शिक्षिकेने माफी मागायची म्हणजे कसे, हा विचार मनात होता. नववीच्या वार्षिक परीक्षेनंतर तो परत आला नाही.

त्या मुलाला पैसे ठेवायला सबंध जगात एक कंपासपेटी होती. ही गोष्ट मला पुढे फार दिवस छळत राहिली, कारण दुसरी जागा असू शकते हे मला माहीत होते. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या सहीने बचत खाते चालवू द्यावे, असे रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच बँकांना कळवले होते. एप्रिल २०२५ मध्ये तशीच सूचना नव्याने निघाली. पोस्टातही दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या नावाने खाते काढता येते, सुरुवातीला पाचशे रुपये लागतात. आमच्या शाळांतल्या मुलांची खाती नव्हती असेही नाही. २००८ पासून अल्पसंख्याक मुलांसाठी केंद्राची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती होती, तिच्यासाठी आम्ही शिक्षकांनीच पालकांना बँकेच्या रांगेत उभे केले होते. किती उन्हाळे त्या फॉर्मांत गेले! २०२२ मध्ये पहिली ते आठवीची मुले त्या योजनेतून वगळली गेली आणि नववी-दहावीच उरली. पण त्या खात्यांची पासबुके बापाच्या कपाटात. मुलाला माहीत असते ते एवढेच की आपल्या नावावर कुठेतरी काहीतरी आहे. त्यात किती आले, कधी निघाले, कशाला निघाले, हे विचारणे म्हणजे उद्धटपणा. ईदीचेही तसेच. नमाजनंतर दहा घरी फिरून पोरे ईदी जमवतात आणि दुपारी आई म्हणते, आण इकडे, मी सांभाळते. मीही हेच करत आले. मुलीने दुसरीत असताना एकदा विचारले होते, "मेरी ईदी कहाँ है?" मी म्हणाले, तुझ्या बुटांत गेली. ते खरे होते, पण तिला विचारून गेली नव्हती.

आपल्याकडे सूरह निसाचा हवाला वारसाहक्काच्या भांडणात हमखास दिला जातो. त्याच सूरहच्या सुरुवातीला यतीम मुलांच्या मालाविषयी आदेश आहे. मुले वयात येईपर्यंत त्यांना आजमावत राहा, त्यांच्यात समज दिसली की त्यांचा माल त्यांच्या हवाली करा, आणि हवाली करताना साक्षीदार ठेवा, असा त्याचा आशय. तिथे समजेसाठी शब्द आहे 'रुश्द'. लहानपणापासून ऐकलेली ही आयत, पण मुलीच्या रिक्षाभाड्याच्या वादात ती मला पहिल्यांदा नीट दिसली. आजमावायचे ते माल हवाली करण्याच्या आधी. म्हणजे थोडा माल मुलाच्या हातात द्यावाच लागणार. काही उलेमांनीही त्याचा अर्थ असाच लावला आहे की थोडी रक्कम देऊन व्यवहार करू द्यावा आणि पाहावे. आणि साक्षीदार ठेवायचे ते पालकाच्या व्यवहाराला. ज्याच्या हातात दुसऱ्याचा माल आहे, हिशेब त्याने द्यायचा आहे. आम्ही बरोबर उलटे करतो. हिशेब मुलांकडून रोज मागतो आणि त्यांच्या पैशाचा आपला हिशेब कधी देत नाही. आयत यतीमांसाठी आहे, हे मान्य. पण ज्यांचे आईबाप जिवंत आहेत त्यांना यतीमांपेक्षा कमी हक्क असावा, हे मला पटत नाही.

तर मी ठरवले ते असे. रोज न देता आठवड्याचे एकदम द्यायचे, रविवारी मगरिबनंतर. सहा दिवसांचे रिक्षाभाडे तीनशे आणि तिचे स्वतःचे साठ. साठांचा हिशेब मागायचा नाही. अम्मीच्या चोरखिशात शंभराची एक नोट कायमची, तिला या तीनशे साठात धरायचे नाही, ती फक्त अडचणीला. पैसे पुढच्या कप्प्यात ठेवायचे नाहीत, रिक्षाचे सुटे आधीच वेगळे काढायचे, रस्त्यात सगळे बाहेर काढून मोजायचे नाहीत, हे सगळे सांगून झाले. आणि शेवटी एक अट: पैसे गेले, हरवले, कुणी घेतले, तर त्याच दिवशी घरी सांगायचे. मारणार नाही. हे सांगताना मला अम्मीचे वाक्य आठवले, आणि ते मी जवळजवळ तसेच्या तसे म्हणाले. अब्बांनी तीनशे साठ हा आकडा ऐकून भुवया वर केल्या. अम्मी म्हणाली, "देखेंगे."

जुलै नीट गेला. पहिल्या आठवड्यात साठ रुपये सोमवारीच संपले आणि शनिवारपर्यंत बाईसाहेब डब्यावर राहिल्या. मी काही बोलले नाही. बोलायला तोंड शिवशिवत होते हे कबूल करते. तिसऱ्या आठवड्यापासून तिच्याजवळ वीस-पंचवीस उरू लागले.

ऑगस्टमध्ये एका बुधवारी ती साडेसातला घरी आली. रिक्षा मिळाली नाही म्हणाली. गुरुवारी पुन्हा सव्वासात. मी तिच्या पायांकडे पाहिले. पावसाळा असल्याने धूळ नव्हती, चिखल होता. सात रस्ता ते नई जिंदगी, खांद्यावर दप्तर, दोन दिवस. आणि मग मी काय केले? मी तिचे दप्तर ओढून घेतले आणि चेन उघडली.

तिने दप्तर धरून ठेवले. "अम्मी, किलास में करते वैसा नक्को करो."

ती २०१७ मध्ये पाच वर्षांची होती. ती गोष्ट तिला कुणी सांगितली, मला माहीत नाही. बहुधा त्या वेळी मीच घरी बोलले असेन आणि पोर झोपली आहे असे समजले असेन. माझा हात चेनवर तसाच राहिला. आतून अम्मी ऐकत होती, पण ती काही म्हणाली नाही.

थोड्या वेळाने मुलीने आपणहून सांगितले. वर्गातल्या एका मैत्रिणीला पी.टी.चा गणवेश घ्यायचा होता, तो नसल्यामुळे तिला सगळ्यांसमोर उभे करत होते. हिने सोमवारी तिला तीनशे रुपये दिले. मंगळवारी परत देते म्हणाली होती, दिले नाहीत. मंगळवारचे भाडे साठांतून निघाले. बुधवारपासून राहिलेल्या दहा रुपयांत आणि शिल्लक नाण्यांत जाताना तेवढी रिक्षा, येताना चालत. चोरखिशातली शंभराची नोट तशीच होती. "वो अडचण का है ना," ती म्हणाली. चालत येणे तिच्या लेखी अडचणीत मोडत नव्हते!

"मग सांगितले का नाहीस? मी मारणार नाही म्हणाले होते."

"मेरे को नै मारते. लेकिन उसके घर फोन करते तुम."

ती बरोबर होती. मी फोन केला असता. शिक्षिकेची सवय. मैत्रिणीच्या आईला बोलावले असते, गोष्ट वर्गशिक्षिकेपर्यंत नेली असती आणि गणवेशाशिवाय उभी राहणारी ती मुलगी उधार बुडवणारी म्हणूनही उभी राहिली असती. मी अट घातली होती ती पैसे सुरक्षित राहावेत म्हणून, मुलीची भीती जाऊन बसली होती दुसऱ्याच ठिकाणी. ते मला सुचले नव्हते.

फोन केला नाही. रिक्षाचे उरलेल्या दोन दिवसांचे पैसे दिले, साठ पुन्हा दिले नाहीत. तीनशे तिचे तिने मागायचे, किंवा सोडून द्यायचे, असे ठरले. अब्बांना हे पसंत पडले नाही. "तीनशे रुपयांची पढाई महाग आहे," म्हणाले. असेल. आतापर्यंत त्या मुलीने पन्नास-पन्नास करून दीडशे परत केले आहेत, प्रत्येक वेळी कागदात गुंडाळून. उरलेल्यांचे काय झाले, हे मी विचारत नाही.

मधल्या काळात मला तो नववीचा मुलगा दिसला. मोबाईलच्या एका दुकानात काम करतो. दाढी आली आहे. "सलाम, मिस," म्हणाला. मी काचेचा गार्ड बसवून घेतला, दोनशेची नोट दिली. त्याने उरलेले पैसे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "गिन लो, मिस." मी तिथेच उभी राहून म्हणाले की त्या वेळी माझे चुकले होते. दुकानात आणखी दोन गिऱ्हाईके होती. तो हसला, "छोडो मिस, कब की बात," म्हणाला आणि पुढच्या माणसाचा मोबाईल हातात घेतला. त्याने माफ केले की विषय टाळला, हे मला सांगता येत नाही. आठ वर्षांनी मागितलेल्या माफीचा हिशेब अवघडच.

दिवाळीच्या सुट्टीत मुलीला घेऊन पोस्टात गेले. ईदीचे म्हणून मी पाचशे रुपये वेगळे काढले होते, तिच्या बुटांची परतफेड. खिडकीवरच्या साहेबांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी म्हणाले, खाते तिचे आहे. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. "सही येते का? दरवेळी सारखी आली पाहिजे." तिने उर्दूत सही केली. दुसऱ्या जागी केली ती वेगळी दिसली. नावातला 'ये' एकदा लांब, एकदा आखूड. साहेब चांगले होते. म्हणाले, "बाळ, आधी कागदावर गिरवून आण, घाई नाही." आम्ही फॉर्म घेऊन परत आलो.

घरी अम्मीने व्याजाचा मुद्दा काढला. माझ्या वर्गातही चक्रवाढ व्याजाचे प्रकरण आले की एकजण तरी विचारतोच, "मिस, सूद तो हराम है ना?" मी सांगते, हिशेब करता आला पाहिजे, म्हणजे वेगळे काय काढायचे ते तरी कळेल. मुलीने लगेच तोंडी हिशेब केला. चार टक्क्यांनी पाचशेचे वर्षाला वीस. "रिक्षा की एक बाजू भी नै," ती म्हणाली. ते वीस वेगळे काढून कुणा गरजूला द्यायचे, यावर अम्मीची समजूत पटली. मग अम्मीने विचारले, पासबुक कोण ठेवणार? मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "मैं."

आठवडाभर ती माझ्या जुन्या टाचणवहीच्या मागच्या पानांवर सही गिरवत होती. दोन पाने भरली. मग आम्ही पुन्हा पोस्टात गेलो. दारातच ती म्हणाली, "तुम बाहेर बैठो." आई आत लागेल, पहिल्यांदा ओळख पटवायला, असे मी सांगून पाहिले. "बुलाये तो आओ," म्हणाली. मी बाहेरच्या बाकावर बसले. आत रांगेत तिच्यापुढे पेन्शनवाले चार म्हातारे होते. तिने कमीजच्या आत हात घालून चोरखिशातले पाचशे चाचपले, आणि कुणी पाहिले तर नाही ना म्हणून मागे वळून पाहिले. मी दुसरीकडे तोंड फिरवले.